उगम : सावदा

यादीत सांगली होतं, सातारा होतं,
सावंतवाडीसुद्धा होतं.
सावदा नव्हतं.
मी 'इतर'वर टिचकी मारली
आणि पडद्यावर, पुण्यातून, निमिष सर म्हणाले, वा!
मुंबईचे ढिगानं अर्ज जातात,
तुझ्या भागातून कोण जातंय?
हा पत्ताच तुझं भांडवल.

भांडवल.
बस स्टॅण्डमागे, केळीच्या गोदामाला लागून,
दारात ट्रक उभा राहिला की घरात अंधार.
जळगावच्या क्लासमध्येसुद्धा
'हे कुठं आलं गं?' विचारलं की
मी 'भुसावळजवळ' म्हणून सुटका करून घ्यायची.
भुसावळ सगळ्यांना ठाऊक,
गाडी थांबते म्हणून.

निबंध साडेसहाशे शब्दांचा.
पहिल्या खर्ड्यात मी गोदामातला काटा लिहिला होता :
सकाळी कमी दाखवायचा, दुपारी जास्त,
आणि एक अख्खा मे महिना वहीत आकडे मांडून
त्याच्या स्प्रिंगची खोड मी कशी पकडली.
सर म्हणाले, छान, पण यात गाव दिसत नाही.
ऊन टाक.
टाकलं. सत्तेचाळीस अंश.
थोडा दुष्काळ?
सर, केळीला पाणी लागतं, म्हटलं,
दुष्काळात केळी कशी येणार?
ते हसले. मग, आई शिकलेली नाही, असं काही?
आई बी.एस्सी. आहे.
नेट गेल्यासारखे ते बराच वेळ गप्प राहिले.

पप्पा ग्रेडिंगला असतात.
फणीतलं मधलं बोट मोजायचं,
डाग दिसला की बाजूला,
तेरा किलोची पेटी, तेरा अंशांचा कंटेनर,
वर शिक्का, उगम : सावदा.
मी विचारलं, शिक्क्यानं भाव वाढतो?
"शिक्का पाहून पेटी उघडतात," म्हणाले,
"घेतात ते केळ पाहून."
थोडं थांबून,
"आन् कधी कधी उघडतबी नाहीत."

आणि सुमली पावरा, अकरावीपासून माझ्याच बाकावर.
पालच्याही वर तिचा पाडा,
आधी चालणं, मग जीप, मग एसटी.
भूगोलच मोजायचा तर
तिच्यापुढे मी पुण्याची.
म्हटलं, तूही भर ना अर्ज.
तिनं विचारलं, पासपोर्ट कुठं काढतात?
शोधून सांगते म्हटलं,
आणि माझ्याच तारखांत राहून गेलं.
हे मी कुठल्याच खर्ड्यात लिहिलं नाही.

शेवटच्या पानावर एक चौकोन होता,
आर्थिक मदत लागेल का?
होय.
सर हळूच म्हणाले, परदेशी मुलांचं खरं इथंच अडतं.
पाच महिने मी गावाचं नाव घासूनपुसून ठेवलं,
आणि दार होतं ते या चौकोनात,
नखाएवढं.

निकाल पहाटे साडेचारला आला.
प्रतीक्षायादी.
पप्पा अंथरुणात उठून बसले.
"डब्लूएल? कितवा नंबर?"
नंबर सांगत नाहीत.
"मंग चार्ट कवा लागतो?"
तेही नाही.
"आरएसी असतं त बसाले त भेटलं असतं,"
म्हणाले, आणि चहा ठेवायला उठले.

पाठवला होता मी काट्याचाच निबंध.
ऊन त्यात होतं,
स्प्रिंग तापायला लागतं तेवढंच.
त्यांनी तो वाचला की
वरचा पत्ता पाहून नुसताच चाळला,
की 'होय'पाशीच थांबले,
कळायला मार्ग नाही.

गोदामात हमालांचे आवाज सुरू झालेत.
सुमलीला फोन लावतेय, लागत नाही.
पाड्यावर रेंज नाही, टेकडीवर चढलं तर येते.
ती कधी चढते
हे दोन वर्षं एका बाकावर बसून
मी विचारलेलंच नाही.